भाषेची ऑनलाइन चाचणी आणि तोंडीचे 20 गुण

महाराष्ट्रात मराठीची ऑनलाइन चाचणी 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचली. मुलांची भाषेतली गोडी आटली म्हणून मोबाइलला बोल लावण्याआधी मात्र दोन वर्षं मागे जावं लागतं.

2018-19 मध्ये दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून लेखी पेपर 100 गुणांचा झाला. शाळा हे गुण खिरापतीसारखे वाटतात, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. त्याच वर्षी दहावीला कृतिपत्रिकाही, म्हणजे पाठ केलेल्या उत्तरांऐवजी कृती सोडवायला लावणारी प्रश्नपत्रिका, आली. निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला, ओरड झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये लेखी 80, तोंडी 20 हे सूत्र परत आलं. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावी प्रवेशात आमचीच मुलं मागे का, हा मुद्दा गाजला. मुलांना बोलतं करणारे गुण गेले होते, हे बाजूलाच राहिलं. 2021 मध्ये परीक्षा रद्द झाली तेव्हा नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखीचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे हेच 20 असं गणित मांडलं गेलं. निकाल लागला 99.95 टक्के.

तोवर व्हॉट्सॲपवरचे स्वाध्याय आणि शाळांचे गूगल फॉर्म रुळले होते. समास, विभक्ती, वाक्प्रचारांसाठी ते चांगलेच; चूक लगेच कळते, मुलं पुन्हा सोडवून बघतात. अडतं ते लिहायला सांगितलं की. फॉर्ममधलं लघुउत्तर शिक्षकांनी भरलेल्या उत्तराशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ एक कीबोर्ड स्वतंत्र अक्षर म्हणून उमटवतो, तर दुसरा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावतो. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. बरोबर लिहिणाऱ्याला शून्य. उत्तरसूचीत दोन्ही रूपं भरली तर हे टळतं, पण त्यापेक्षा सगळं बहुपर्यायी करणं सोपं. शिवाय ह्रस्व-दीर्घ कीबोर्डच सुचवतो, म्हणजे शुद्धलेखनात पास होतो तो फोन.

निबंध वहीत लिहून फोटो पाठवायचा. फॉर्मवर फाइल चढवायला गूगल खातं लागतं. घरात फोन एक, तोही वडिलांचा. तिरक्या, सावली पडलेल्या फोटोवर खुणा करणं जिकिरीचं, म्हणून शेरा न जाता नुसते गुण जातात. गोडी खरी इथे तुटते. शाळा उघडल्यावरही घटक चाचण्यांचे फॉर्म राहिले. तोंडी मात्र लेखीच्या तोंडावर, हजेरीपटाच्या क्रमाने उरकली जाते.