डिप्लोमा-डिग्रीनंतर कारखान्यात अप्रेंटिस: नॅट्सची पात्रता, कागदपत्रं आणि करार

मेकॅनिकल, प्रॉडक्शन, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल, कशातही डिप्लोमा किंवा बीई झालं आणि हातात नोकरी नाही, तर चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी किंवा गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत वर्षभर पगारी शिकायची सोय कायद्यानेच केलेली आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि पदवी-पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले. या योजनेला नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) म्हणतात. ती शिक्षण मंत्रालयाची आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईत सायनला असलेलं पश्चिम विभागाचं अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) बघतं, ज्याला सगळे 'बोट' म्हणतात. आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं, कौशल्य विकास मंत्रालयाचं. डिप्लोमावाली मुलं तिथे नोंदणी करून महिनोन्‌महिने वाट बघत बसतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्या आस्थापनेत कंत्राटी कामगार धरून ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. तेव्हा कंपनी तुम्हाला घेते ती उपकार म्हणून नाही. मुलाखतीला जाताना हे मनात असू द्या.

पात्रता फार किचकट नाही. मान्यताप्राप्त संस्थेची पदवी किंवा पदविका हवी, आणि ती मिळाल्यानंतर एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा वा प्रशिक्षणाचा अनुभव झालेला नसावा. या दुसऱ्या अटीत बरीच मुलं अडकतात. निकालानंतर 'काहीतरी करायचं' म्हणून कुठेतरी दीड वर्ष नोकरी केली की हा दरवाजा बंद होतो. अप्रेंटिसशिप करायची तर ती आधी.

कागदपत्रांत आधार, चालू मोबाईल नंबर आणि ईमेल, पदवी-पदविकेचं प्रमाणपत्र (ते आलं नसेल तर प्रोव्हिजनल), गुणपत्रिका, फोटो आणि बँक पासबुक तयार ठेवा. खरी अडचण येते नावात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. नोंदणीला बसण्याआधी ही दोन्ही कागदं शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवा, आणि आधार दुरुस्त करायचं असेल तर आधीच करून घ्या. दुसरं म्हणजे बँक खातं. विद्यावेतनातला सरकारचा हिस्सा आता थेट खात्यात येतो, त्यासाठी खातं डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची सोय) सीड केलेलं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेत नोंद केलेलं लागतं. खात्याला आधार नुसतं जोडलेलं असून भागत नाही, बँकेत जाऊन सीडिंग झालंय का हे विचारून या.

विद्यावेतन २०१९ च्या नियमांनुसार पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये. या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. कंपनी जास्त देऊ शकते, कमी नाही. रक्कम वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली आहे, तेव्हा तुमच्या करारातला आकडा नॅट्सच्या पोर्टलवरच्या चालू दराशी ताडून बघा.

नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणी केली की नोंदणी क्रमांक मिळतो, मग जागा शोधून अर्ज करायचा आणि निवड झाली की कंपनी करार तयार करते. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. कराराचा तपशील कंपनीने सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो, आणि तो तुम्हाला तुमच्या लॉगिनमध्ये दिसला पाहिजे. 'ट्रेनी म्हणून जॉइन व्हा, कागदपत्रांचं नंतर बघू' असं कोणी म्हणालं तर स्पष्ट सांगा, करार क्रमांक मिळाल्यावर येतो. कराराशिवाय काढलेल्या वर्षाला या कायद्यात काहीच किंमत नाही. सरकारचा हिस्सा नाही, प्रमाणपत्र नाही, आणि उद्या मशिनवर हाताला लागलं तर भरपाईचा जो हक्क अप्रेंटिसला कायद्याने दिलाय, तो मागायला हातात कागद नाही.

आत गेल्यावर सुरुवातीचे दिवस सेफ्टी शूज, शिफ्ट आणि मशिनच्या आवाजाची सवय होण्यातच जातात. मग कोणत्या विभागात टाकतात यावर वर्षाचं सोनं होतं किंवा माती. पॅकिंगमध्ये उभं करून ठेवलं असेल तर क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम, प्लॅनिंग अशी बदली लेखी मागा, कारण तुम्ही कायद्याने कामगार नाही, शिकाऊ आहात. रोजच्या कामाची वही ठेवणं नियमातच आहे, ती मनापासून लिहा. 'आज सीएनसीवर काम केलं' ही नोंद निरुपयोगी. 'शाफ्टचा पहिला नग तपासला, व्यास २५ मिमी हवा, मायक्रोमीटरवर २५.०४ आला, इन्सर्ट झिजलेला निघाला, बदलून ऑफसेट दिला' अशी नोंद पुढच्या मुलाखतीत तुमच्या बाजूने बोलते.

ओव्हरटाइम अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) परवानगीशिवाय करून घेता येत नाही. रजा-सुट्ट्या त्या आस्थापनेत असतात तशाच. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवं. यात काही बिनसलं तर आधी कंपनीच्या एचआरला ईमेल करा, तोंडी नको, आणि उत्तर नाही आलं तर करार क्रमांक टाकून बोटकडे तक्रार करा. रागाने मध्येच सोडून जाऊ नका. करार संपवायचा तरी त्यासाठी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो.

वर्ष संपल्यावर कंपनीने कायम केलंच पाहिजे असं बंधन नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. मिळतं ते भारत सरकारचं प्रावीण्य प्रमाणपत्र. ते रोजगार विनिमय केंद्रात अनुभव म्हणून नोंदवता येतं. शेवटच्या महिन्यात एचआरकडे चौकशी सुरू करा, कारण प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद कंपनीने केल्याशिवाय ते निघत नाही.