जहाजं गेली, उत्सव राहिले : कामोल्यीच्या वर्षाची पार्श्वभूमी

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की इटलीच्या कामोल्यी गावात चौकातच मासे तळायला घेतात. त्यासाठी जे भांडं आणतात त्याला तवा म्हणावं की कढई, हा प्रश्नच आहे. व्यास सुमारे ४ मीटर आणि वर मोटारगाडीपेक्षा लांब दांडा. आकार बघितला तर साधा फ्राय पॅन, फक्त राक्षसाच्या घरातला. पीठ लावलेली छोटी मासळी त्यात घाण्यावर घाणे तळत राहायची आणि आलेल्या गर्दीला वाटायची, एवढाच कार्यक्रम. जुने निवृत्त पॅन गावात भिंतीवर टांगून ठेवलेले आहेत. आपल्याकडे जुन्या तोफा मांडून ठेवतात, तसे.

कामोल्यी जेनोव्हा (जिनोआ) शहरापासून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आहे, लिगुरिया प्रांतातल्या डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. नावाच्या स्पेलिंगमध्ये 'ग' आहे, पण इटालियन माणसाच्या तोंडात तो विरघळून जातो. हे नाव 'बायकांची घरं' या अर्थाच्या शब्दांवरून आलं, कारण पुरुष कायम समुद्रावर, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ऐकायला गोड आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. मात्र ती खपते याचं कारण खरं आहे. या गावातले पुरुष खरोखरच वर्षानुवर्षं बाहेर असायचे.

तळणाचा हा उत्सव बघून तो मध्ययुगातला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची सुरुवात १९५२ची. इटालियनमध्ये त्याला 'साग्रा' म्हणतात. हा शब्द 'पवित्र' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला. मुळात साग्रा म्हणजे चर्चच्या प्रतिष्ठापनेचा किंवा गावच्या संताचा दिवस. धर्मविधी आटोपला की जेवणावळ ठरलेली. पुढे जेवणावळच मोठी झाली आणि विधी मागे सरला. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात थोडा पैसा आणि रविवारी फिरायला थोडा वेळ आला, तशा इटलीत गावोगाव कुठल्या ना कुठल्या पदार्थाच्या साग्रा उभ्या राहिल्या. कामोल्यीची साग्रा त्याच काळातली.

तरी तिच्याखाली एक जुना थर आहे. हा दिवस मच्छीमारांचा रक्षक मानलेल्या संत फोर्तुनातोचा. गावात सांगतात ते असं : युद्धाच्या दिवसांत समुद्रात सुरुंग पेरलेले होते, तरी पोटासाठी होड्या काढाव्याच लागत. माणसं सुखरूप परत यावीत म्हणून संताला नवस बोलले गेले आणि ते फेडायला किनाऱ्यावर होळ्या पेटल्या. आजही रविवारच्या तळणाआधी शनिवारी रात्री होळी असतेच. पोर्तो आणि पिनेत्तो या दोन मोहल्ल्यांत चुरस लागते. दोघेही किनाऱ्यावर लाकडांचं जहाज, किल्ला किंवा असंच काहीतरी उंच रचतात. अनेक दिवसांची ही सुतारकी एका रात्रीत जळून जाते. एरवी शांत असलेले लोक त्या रात्री समोरच्या मोहल्ल्याच्या होळीबद्दल काय बोलत असतील, ते सार्वजनिक मंडळांच्या देखाव्यांवरून वाद घातलेल्या कुणालाही सांगायला नको.

पण नवस हे या गावाचं फार जुनं चलन आहे आणि ते समजायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं. तेव्हा कामोल्यीला 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' म्हणत. १८३०मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर स्वारी केली तेव्हा सैन्याचं सामान वाहायला इथली जहाजं भाड्याने घेतली होती. क्रिमियाच्या युद्धातही त्यांनी भाडी कमावली. काळ्या समुद्राकडचा गहू हा तर रोजचा धंदा. जहाजाची मालकी बहुधा एकट्याची नसे. नातेवाईक आणि शेजारी मिळून भागीदारीत जहाज काढत. एक बुडालं तर अर्धी गल्ली बुडायची. म्हणून १८५३मध्ये गावच्या जहाजमालकांनी आपसातच परस्पर विम्याची संस्था काढली : ज्याचं जहाज जाईल त्याचं नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

विम्याची दुसरी बाजू बोस्केत्तोच्या मरियमच्या देवळात दिसते. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या ठिकाणी १५१८मध्ये एका लहान मुलीला मरियमने दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. तिथे खलाशांनी नवस फेडताना वाहिलेली चित्रं आहेत. त्यांचा साचा ठरलेला : काळंनिळं उसळलेलं पाणी, तिरकं झालेलं जहाज, फाटलेली शिडं आणि वरच्या कोपऱ्यात ढगांमध्ये बाळाला घेतलेली आई. अशी चित्रं काढणारा जहाजाची दोरी न् दोरी बरोबर काढतो, कारण चित्र मागवणारा कप्तान तीच तपासणार असतो. मरियम थोडी वाकडी आली तर चालते.

मग वाफेची जहाजं आली. १८६९मध्ये सुएझचा कालवा उघडला, तो शिडाच्या जहाजांच्या फारसा कामाचा नव्हता. कामोल्यीच्या मालकांनी शिडं लवकर सोडली नाहीत. शिडावर त्यांचं सगळं शहाणपण उभं होतं. शतक संपता संपता तो धंदा बसला. गावात उरली ती खलाशी घडवणारी शाळा, समुद्राला तोंड करून उभी असलेली उंच रंगीत घरं आणि १८७६मध्ये भरभराटीच्या पैशांतून उभं राहिलेलं नाट्यगृह. पर्यटक आज फोटो काढतात ते याच उरलेल्या वैभवाचे.

माझ्या मते आजचे उत्सव या पोकळीत वाढले. समुद्रावर पोट भरेनासं झालं, तेव्हा तो पंचांगात आला. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी 'स्तेल्ला मारिस' म्हणजे समुद्रतारका मरियमचा सण असतो. सकाळी सजवलेल्या होड्या पुंता क्याप्पा या खडकाळ टोकाकडे जातात, तिथे उघड्यावरच्या वेदीपाशी प्रार्थना होते आणि होड्यांना आशीर्वाद मिळतो. रात्री हजारो मेणदिवे पाण्यावर सोडतात. कार्तिकात नदीवर द्रोणातले दिवे सोडणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथे पाणी वाहत नाही. दिवे प्रवाहाने निघून जात नाहीत, वारा नेईल तिकडे भरकटतात.

जुलैच्या अखेरीचा सोहळा त्याहून नवा आहे. डोंगराच्या पलीकडच्या कुशीत सान फ्रुत्तुओझोचा मध्ययुगीन मठ आहे. तिथे जायला गाडीरस्ता नाही, एक तर होडी नाही तर पायवाट. १९४७मध्ये या खाडीत दारियो गोन्झात्ती हा पाणबुड्या बुडून मेला. त्याचा मित्र दुइलियो मार्कांते याने पाण्याखाली ख्रिस्ताची मूर्ती बसवायची कल्पना काढली. शिल्पकार गुइदो गाल्लेत्तीने ती घडवली, त्यासाठी लागलेल्या ब्राँझमध्ये पदकं आणि जहाजांच्या घंटाही वितळवल्या होत्या. ऑगस्ट १९५४मध्ये हात वर केलेला, अडीच मीटर उंच 'खोल पाण्यातला ख्रिस्त' सुमारे १७ मीटर खाली उभा राहिला. दरवर्षी पाणबुडे रात्री खाली जाऊन त्याच्या पायाशी पानांचा हार ठेवतात. मधे एका नांगराने मूर्तीचा हात मोडला होता. मूर्ती वर काढून दुरुस्त केली आणि २००४मध्ये परत जागेवर बसवली.

सप्टेंबरमधल्या संवाद महोत्सवाचा समुद्राशी फारसा संबंध नाही. २०१४मध्ये लेखक उम्बेर्तो एको यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला, २०१६मध्ये ते गेल्यावरही चालू राहिला. दिवस व्याख्यानांचे असले तरी हॉटेलं भरतात, हे गावाला सोयीचंच.

या सगळ्यांत मला सर्वांत जुनी वाटते ती गोष्ट उत्सवच नाही. तिला 'तोन्नारेल्ला' म्हणतात : किनाऱ्याजवळ पुंता क्याप्पाच्या दिशेने मांडलेला जाळ्यांचा सापळा. शेकडो वर्षं तो वसंतात लागतो आणि उन्हाळा सरला की उठतो. कोकणातल्या वाचकाने इथे कान टवकारावेत, कारण या जाळ्यासाठी मुख्यतः नारळाचा काथ्या वापरतात. लिगुरियात नारळ होत नाही, काथ्या समुद्रापलीकडून येतो आणि मच्छीमार हंगामाआधी त्याचं जाळं हाताने विणतात. खरखरीत काथ्यावर शेवाळ धरतं, त्यावर छोटे मासे जमतात आणि त्यांच्या मागे मोठे. दिवसातून काही वेळा होडीतून जाळं हातांनी उचलून बघतात. हंगाम संपला की जाळं सोडवायची खटपट कुणी करत नाही. दोर कापतात आणि काथ्या तळाशी जाऊन कुजतो. पुढच्या वर्षी नवं विणायचं.