पडद्याची छटा आणि पडद्याची झाक

"लाइट कलर घेतला, तरी हॉल मळकट दिसतोय. असं का?" नव्या घरात राहायला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून मला हा प्रश्न येतो, त्यामुळे उत्तर आता पाठ आहे. तुम्ही छटा बघितलीत, झाक बघायची राहिली. त्यावर समोरचा म्हणतो, "म्हणजे एकच ना ते?" इथे माझा संयम संपतो.

छटा म्हणजे तोच रंग किती फिकट किंवा किती गडद. आकाशी ते नेव्ही ब्लू ही निळ्याच्या छटांची शिडी. हे सगळ्यांना येतं. फिकट पडदा उजेड परत फेकतो, खोली मोठी वाटते. गडद पडदा उजेड गिळतो, भिंत पुढे सरकल्यासारखी वाटते. चुण्या पडल्या की कापड नमुन्यापेक्षा पायरीभर गडद दिसतं, म्हणून शंका असेल तर एक पायरी फिकट घ्यावं. छटेबद्दल एवढं पुरे.

झाक म्हणजे त्या रंगाच्या पोटात लपलेला दुसरा रंग. दोन पेले घ्या. एकात गायीचं दूध ओता, दुसऱ्यात म्हशीचं. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेत तर दोन्ही पांढरी. शेजारी ठेवलीत की गायीचं पिवळसर दिसतं आणि म्हशीचं पांढरंफेक. गायीच्या दुधात कॅरोटीन तसंच उतरतं, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. म्हणूनच गायीचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं. फिकटपणा मोजायला गेलात तर दोन्ही पेल्यांत नाव घेण्यासारखा फरक नाही. छटा एक, झाक दोन. पडद्याच्या दुकानात 'ऑफ-व्हाइट' म्हणून जे पंधरा नमुने तुमच्यापुढे टाकतात ते असेच पंधरा पेले असतात. कुणात पिवळं, कुणात गुलाबी, कुणात हिरवट, कुणात राखाडी.

आपल्या घरात हे ज्ञान पूर्वी होतं. पांढऱ्या धोतराला, सदऱ्याला नीळ द्यायचे ते कशासाठी? कापड फिकट करायला नव्हे. पिवळी झाक निळ्या झाकेने मारायला. नीळ जास्त पडली की कापड निळसर व्हायचं आणि आजी ओरडायची. झाक म्हणजे काय हे त्या आजीला कुठल्याही इंटिरिअरवाल्यापेक्षा नीट कळत होतं. आणि आपल्या भाषेत शब्दही होते. मोतिया वेगळा, दुधी वेगळा, बदामी वेगळा, हस्तिदंती वेगळा. आता सगळ्याला एकच शब्द, 'लाइट'. काम सोपं व्हायच्या ऐवजी अवघड झालंय.

बंद खोलीत झाक चुकली तर फार बिघडत नाही. दार लावलं की विषय संपला. पण हल्लीच्या घरांत हॉल, जेवणाचं टेबल आणि ओटा एकाच मोठ्या खोलीत असतात. सोफ्यावर बसून तुम्हाला एका नजरेत बाल्कनीचं सरकतं दार, मधली भिंत, ट्रॉल्यांचे लॅमिनेट आणि ड्राय बाल्कनीची खिडकी दिसते. पूर्वी तीन खोल्यांत विभागलेल्या वस्तू आता शेजारी आल्या आणि झाक उघडी पडते ती शेजारामुळेच.

माझंच सांगते. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला बिल्डरने दिलेली आयव्हरी टाइल, चक्क सायीच्या रंगाची. मी फोटो बघून बघून ठरवलं होतं, राखाडी पडदे. दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, न्यूट्रल कलर आहे, कशावरही जातो." (हे वाक्य ऐकलं की पर्स बंद करावी, हे तेव्हा माहीत नव्हतं.) बाल्कनीचं दार आठ फूट रुंद, दुप्पट चुण्या धरल्या की ५४ इंच पन्ह्याचे चार पॅनल लागतात, उंची आणि दुमड धरून साधारण साडेदहा मीटर कापड. शिवून आलं, लावलं. सकाळी ठीक. संध्याकाळी दिवे लागले आणि आई म्हणाली, "जांभळे का घेतलेस?" मी कापडाचा उरलेला तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून बघितला. राखाडी. फरशीवर ठेवला. जांभळट. पुन्हा कागदावर. राखाडी.

यात दुकानदाराने फसवलं नव्हतं आणि माझे डोळेही बिघडले नव्हते. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रांची कापडं (टॅपेस्ट्री) विणत. तिथल्या रंगणी विभागाचा प्रमुख शेव्रूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे तक्रार गेली की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो फिका पडतो. त्याने दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून बघितले. रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले होते तेच त्याला बिघडवत होते. १८३९ मध्ये त्याने यावर सविस्तर लिहिलं. शेजारच्या रंगाच्या विरुद्ध रंगाकडे डोळा रंग ढकलतो. पिवळ्याशेजारी राखाडी ठेवा, तो निळ्या-जांभळ्याकडे झुकतो. तांबड्याशेजारी ठेवा, हिरवट होतो. म्हणजे ज्याला आपण 'न्यूट्रल' म्हणतो तोच रंग शेजाऱ्याचं सगळ्यात जास्त ऐकतो. भडक लाल पडदा कुठेही लाल दिसेल. राखाडीला स्वतःचं मत नसतं.

आता दिव्यांचं. एलईडीच्या खोक्यावर ३०००, ४०००, ६५०० असे आकडे असतात, पुढे 'के' लिहिलेलं. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ६५०० म्हणजे आपली पांढरी ट्यूब. आपल्याकडे ओट्यावर ६५०० आणि हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये ३००० असा प्रकार सर्रास असतो. पूर्वी मध्ये भिंत होती, खपून जायचं. आता तोच मोतिया पडदा सोफ्याच्या बाजूने लोण्यासारखा दिसतो आणि फ्रिजच्या बाजूने आजारी माणसासारखा. लोक पडद्याला दोष देतात. माझं ठाम मत आहे की आधी दिवे एक करा, मग कापड बघायला बाहेर पडा. मला विचाराल तर सगळीकडे ४०००. भाजी चिरताना डोळ्यांना त्रास नाही आणि हॉलमध्ये बसल्यावर दवाखान्यात आल्यासारखं वाटत नाही. हॉलमध्ये ६५०० ची ट्यूब लावून वर 'वॉर्म' पडदे शोधणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

यात आणखी एक मेख आहे. दोन कापडं एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फारकत घेतात. सोफ्याचं कव्हर सुती, पडदा पॉलिस्टरचा; दोन्हींना लागणारी रंगद्रव्यं वेगळी, त्यामुळे दुकानातल्या ट्यूबखाली जुळलं म्हणजे घरी जुळेल असं नाही. साडीवर ब्लाउजपीस घेताना कुठलीही बाई कापड घेऊन दुकानाच्या दाराशी येते, "जरा उजेडात बघू" म्हणते. जेमतेम मीटरभर कापडासाठी एवढी काळजी, आणि साडेदहा मीटरच्या पडद्याला मात्र कॅटलॉग उलटून "हा द्या".

मग करायचं काय? माझा नियम साधा आहे. मोकळ्या हॉलमध्ये छटा हवी तेवढी बदला, झाक बदलू नका. बाल्कनीच्या दाराला बदामी, जेवणाच्या टेबलाजवळच्या खिडकीला त्याहून फिकट मोतिया, ओट्याकडच्या खिडकीला गव्हाळ रोलर ब्लाइंड; तीन वेगळे रंग, पण पोटात पिवळं एकच, म्हणून घर एक वाटतं. याउलट तिन्हीकडे 'लाइट'च घेतलं पण एक पिवळट, एक गुलाबट, एक राखाडी, की डोळ्याला सतत खटकत राहतं आणि का खटकतंय ते सांगता येत नाही. सगळ्या खिडक्यांना एकच कापड हवं असेल तर जरूर घ्या, फक्त एकाच ताग्यातून कापून घ्या. नंतर "अजून दोन पॅनल" आणायला गेलात की नवा तागा किंचित वेगळा निघतो, आणि हा किंचित फरक झाकेतच असतो.

झाक कुठली घ्यायची हे तुम्ही ठरवत नाही, फरशी ठरवते. नजरेत सगळ्यात मोठा रंगीत पट्टा तिचाच, आणि ती बदलणं सगळ्यात महाग. आयव्हरी टाइल असेल तर पिवळ्या पोटाचे रंग: मोतिया, बदामी, विटकरी, शेवाळी. पांढऱ्यावर राखाडी रेघा असलेली संगमरवरी छापाची टाइल असेल तर राखाडी, निळसर, मोरपंखी बेलाशक. सागवानी व्हिनिअरचं फर्निचर खूप असेल तर त्यात केशरी झाक असते. त्याच्याशेजारी गुलाबट क्रीम ठेवू नका, दोघंही केविलवाणे दिसतात. काळा ग्रॅनाइटचा ओटा कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. भिंतीचा रंग मुद्दाम शेवटी म्हणतेय, कारण तो बदलता येतो. लोक नेमकं उलट करतात: भिंतीला कार्ड लावून पडदा जुळवतात आणि फरशीकडे बघतच नाहीत.

झाक ओळखायला एकटा नमुना बघून उपयोग नाही. साधारण सारख्याच फिकटपणाचे तीन-चार तुकडे एकमेकांना चिकटवून पांढऱ्या कागदावर ठेवा. कोण पिवळा, कोण गुलाबी, लगेच बोलतं. जो आवडेल त्याचं अर्धा मीटर कापड विकत घ्या. टेबलावर पसरून बघू नका, पन्हा उभा येईल असं चिमट्याने खिडकीला लटकवा आणि खालचं टोक फरशीला टेकू द्या. दिवसा उजेड कापडाच्या मागून येतो, रात्री पुढून पडतो, म्हणजे एकाच पडद्याचे दोन रंग तुम्हाला बघायचे आहेत. पातळ कापड असेल तर तिसरंही बघा: पश्चिमेच्या खिडकीला डाळिंबी किंवा केशरी पडदा असला की दुपारी चारनंतर वरणभातसुद्धा लालसर दिसतो.

दिशेबद्दल इंटरनेटवर वाचाल की उत्तरेच्या खोलीत गार, निळसर उजेड असतो म्हणून ऊबदार रंग घ्या. हे बहुतेक युरोपातल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. आपल्या उत्तरेच्या खिडकीला तेवढं पोरकं समजू नका.

गडद पडदा आणि ब्लॅकआउट पडदा हा दुसरा एक गोंधळ, पण तो दोन वाक्यांत मिटतो. अंधार विणीने आणि अस्तराने होतो, रंगाने नाही. पांढराशुभ्र ब्लॅकआउट मिळतो आणि पातळ चॉकलेटी पडद्यातून ऊन खुशाल आत येतं. पश्चिमेला अस्तर लावाच, नाहीतर गडद रंग उन्हाने चट्ट्याचट्ट्यांनी विटतो.

ओट्याजवळ लोंबता कापडी पडदा नको, फोडणी आणि गॅस दोन्हींसाठी. मोतिया पडद्यांना नीळ देऊ नका, आणि पांढरेपणा वाढवणारी पावडरही नको. जी झाक शोधायला एवढा खटाटोप केला तीच त्यात मरते. आणि सोफा, उशा, पडदे, टेबलाचं कापड सगळं एकाच रंगाचं करू नका. तो हॉल नसतो, बँडवाल्यांचा गणवेश असतो.

माझे ते चार पॅनल वर्षभर बॅगेत पडून होते. मग धाकट्या बहिणीने नेले. तिच्या नाशिकच्या घरी फरशी पांढरी, राखाडी रेघांची. लावल्या दिवसापासून तिथे ते सुंदर राखाडी दिसतात, दिव्यातही. ती अजून विचारते, "ताई, यात जांभळं काय होतं गं?"