फळमाशीतील दीर्घायुष्याची आनुवंशिकी

फळमाशी (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) २५° से. तापमानाला सुमारे १० दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते आणि प्रयोगशाळेत साधारणपणे दोन-तीन महिने जगते. तिचे आयुर्मान आनुवंशिक असून निवडीने (ठराविक माश्यांनाच पुढची पिढी देऊ देऊन) बदलता येते, याचा भक्कम पुरावा १९८४ मध्ये पुढे आला. मायकेल रोझ यांनी, तसेच स्वतंत्रपणे लकिनबिल व सहकाऱ्यांनी, केवळ वयस्क माद्यांच्या अंड्यांतून पुढची पिढी वाढवली. काही पिढ्यांनी वंश दीर्घायुषी झाले. रोझ यांच्या माश्या मात्र तरुणपणी कमी अंडी घालू लागल्या. उमेदीत उपकारक ठरणारी जनुके उतारवयात घातक ठरतात, या उत्क्रांतिशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांच्या मताला (१९५७) त्यामुळे बळ मिळाले. हानिकारक उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) उतारवयात नैसर्गिक निवडीच्या कक्षेबाहेर साचतात, हे जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांचे मत त्याने बाद होत नाही.

एकेका जनुकाबाबतचे दावे अधिक जपून घ्यावे लागतात. सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९९८ मध्ये ‘मेथुसेला’ उत्परिवर्तनाने सरासरी आयुष्य सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. २००० मध्ये ‘इंडी’ या जनुकातील उत्परिवर्तनाने ते जवळजवळ दुप्पट झाल्याची नोंद झाली. इंडीचे प्रथिन सिट्रेट (ऊर्जानिर्मितीत वापरला जाणारा रेणू) पेशीत वाहून नेते. ते घटले की माशी जणू अर्धपोटी राहते, असे स्पष्टीकरण दिले गेले. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने इंडीचे हे उत्परिवर्तन वारंवार पश्चसंकर (संततीचा त्याच एका वंशाशी पुन्हा पुन्हा संकर) करून एकसारख्या जनुकीय पार्श्वभूमीत आणले, तेव्हा वाढ नाहीशी झाली. तुलनेचा वंश अंतःप्रजननाने दुबळा असेल, तर नुसत्या संकरानेही आयुष्य वाढलेले दिसते; पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया जीवाणूंचाही परिणाम होतो. मूळ गटाने २००९ मध्ये आहारानुसार परिणाम बदलतो असे उत्तर दिले. तरीही पश्चसंकराची कसोटी टाळून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरणे कठीण आहे.

इन्शुलिन-संकेतमार्गाचा, म्हणजे इन्शुलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचा, पुरावा अधिक भरवशाचा आहे. २००१ मध्ये या मार्गातील ‘चिको’ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या माद्यांचे मध्यक आयुष्य ४८ टक्क्यांपर्यंत वाढले. त्या खुज्या व वंध्य होत्या. एकच प्रत बिघडलेल्या माद्या खुज्या नसूनही अधिक जगल्या. म्हणजे दीर्घायुष्याला खुजेपणा अनिवार्य नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या नरांत मात्र असा लाभ दिसला नाही. पुढे २००४ मध्ये प्रौढ माशीच्या केवळ मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या ऊतीत) ‘फॉक्सो’ हे याच मार्गाने दाबले जाणारे प्रथिन वाढवूनही आयुष्य लांबले. याच मार्गाशी जोडलेल्या, पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या ‘टॉर’ प्रथिनाला रोखणारे रॅपामायसिन हे औषध अन्नातून दिल्यावरही माश्या अधिक जगल्या (२०१०).