घाटवाटा (उत्तर कोकण)

कोकणातील गावे आणि सह्याद्रीचा घाटमाथा यांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा. मुंबईच्या भटक्यांना कर्जत, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील वाटा सर्वांत सोयीच्या. पहाटेची लोकल आणि पुढे एसटी किंवा टमटम मिळाली की सकाळीच पायथ्याची वाडी गाठता येते.

सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार. त्यामुळे वाट सरळ वर जात नाही. भातखाचरांतून ती सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर) चढते, सोंडेवरून पदरात येते आणि कड्याखालून आडवी जात एखाद्या नाळेतून (कड्यातल्या अरुंद घळीतून) माथ्यावर निघते. पदर म्हणजे कड्याच्या पोटाशी असलेली, बहुधा दाट झाडीची सपाटी. वाट चुकते ती बहुतेक इथेच: डोक्यापर्यंत वाढलेल्या कारवीत ढोरवाटा फुटतात आणि त्यातली मळलेली दिसणारी वाट गुरांच्या पाणवठ्यावर जाऊन संपते. नाळेच्या तोंडाशी दगडांची लगोर किंवा कातळात खोदलेल्या पावठ्या (पायऱ्या) दिसल्या, तर वाट बरोबर आहे असे समजावे.

या वाटांत नाणेघाटाला तोड नाही. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल या वाटेने जुन्नरला जाई. मुरबाडपुढील वैशाखरे गावाजवळून चढाई सुरू होते. घाटाच्या तोंडाशी सातवाहनकालीन लेणे असून, नागनिका राणीशी संबंधित ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. त्यातील आकडे भारतातील प्राचीन अंकचिन्हांच्या मोलाच्या नमुन्यांपैकी आहेत. समोरच्या भिंतीवरील राजकुळाच्या मूर्ती नष्ट झाल्या, नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण माथ्यावर आहे.

खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा आजही नांदत्या आहेत. गणेश घाट लांबचा पण सोपा. शिडी घाटात कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या असून पावसात ती वाट टाळावी. लोणावळ्याजवळचा कुरवंडे घाट इतिहासात गाजला तो 1661 मुळे: तो उतरून आलेल्या मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडले.

बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे गेली आणि व्यापाराचे ओझे पायवाटांवरून उतरले. तरीही ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांमुळे कित्येक वाटा टिकल्या. बाजार, सोयरीक, देवदर्शन यांसाठी माणसे चढत-उतरत राहिली. जिथे डांबरी रस्ता झाला तिथे चार-दोन पावसाळ्यांत रान वाट गिळते. हा ठेवा किल्ल्यांइतकाच जपण्याजोगा आहे, पण त्याकडे लक्ष फार थोड्यांचे.

चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पदरातले झरे आटतात, पावसाळ्यात नाळांतून लोंढे येतात आणि धबधब्यांवर प्रशासनाची बंदीही असते. आग्या मोहोळाखाली धूर किंवा गोंगाट करू नये. पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या सोबत घ्यावाच. पावसात कोणती नाळ दरडीने बुजली, हे गुरांमागे वर गेलेल्या माणसालाच ठाऊक असते.