‘गुन्हेगार जमात’ नावाची कुठलीही जमात नाही

नाशिक जिल्ह्यात कुठे कांदाचाळ फुटली की बोट जातं गावाबाहेरच्या भटक्या जमातींच्या पालांकडे: “त्यांच्या रक्तातच चोरी!” हे साफ खोटं आहे. हा शिक्का मारला इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने. आरोप नाही, खटला नाही. जमात यादीत आली की नोंदणी, ठरावीक वेळी हजेरी आणि गाव सोडायचं तर पास. तान्ह्या मुलावरही तोच शिक्का! ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती ‘विमुक्त’.

संशय आला तर ११२ला फोन करा. नुसत्या संशयावरून कुणाला बांधून ठेवणं हाच गुन्हा आहे. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर नागरिक पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावंच लागतं.