फौजेतला माणूस कागदावर कुठे सापडतो
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लष्कर भाग, ग्वाल्हेर)

नमस्कार. फौजींचे जुने कागद स्कॅन करून देणं आणि त्यांच्यासाठी अर्ज लिहून देणं हे आमचं काम. दुकानात येणारे बरेच जण दारातूनच सांगतात, आजोबा फौजेत होते, ब्रह्मदेशात होते म्हणे, आता नातवाला त्यांची माहिती हवीये, किंवा आजीची फॅमिली पेन्शन अडकलीये, कुठे लिहायचं ते सांगा. मग आम्ही विचारतो नंबर काय, पलटण कुठली, आणि तिथेच गाडी अडते, कारण घरात फक्त नाव माहीत असतं. म्हणून हे पत्रक काढलंय. आधी हे वाचा, मग या, एक चक्कर वाचेल.

नाव नको, नंबर आणा

फौजेत फाइल नावावर नाही, नंबरावर लागते. एकाच पलटणीत चार गणपतराव आणि सहा रामसिंग असायचे, आडनाव कधी लिहिलंय कधी नाही, आणि भरतीच्या बाबूने कानाला जसं आलं तसं इंग्रजीत उतरवलं, त्यामुळे जाधवांचं जादो झालेलं आणि शिंद्यांचं सिंदे झालेलं आम्ही नेहमी बघतो. नंबर मात्र भरतीपासून पेन्शनपर्यंत सोबत राहतो (बढती होऊन जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार किंवा त्यावरचे झाले तर नवा मिळतो, तोही शोधा). हा नंबर फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकावर असतो, पीपीओवर म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर असतो, जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवर किंवा पत्राच्या पाकिटावर असू शकतो. पहिल्या महायुद्धाची मेडलं असतील तर त्यांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंगाने बघा, आणि कृपा करून मेडल चिंचेने किंवा पावडरने घासू नका, ती कोरीव अक्षरं झिजतात.

फाइल कुणाकडे असते

लोकांना वाटतं दिल्लीत एक मोठी इमारत असेल आणि सगळं तिथेच. तसं नाहीये. जवान, हवालदार, सुभेदार यांचे कागद त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे आपल्या इथून जवळ सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, कुमाऊंचे रानीखेतला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडेवाल्यांचे अहिल्यानगरला. ऑफिसरांचं खातं वेगळं, ते दिल्लीत आर्मी हेडक्वार्टरकडे. एअरफोर्सचे एअरमन असतील तर दिल्लीला सुब्रतो पार्क, नेव्हीचे खलाशी असतील तर मुंबईत मानखुर्द. आणि पेन्शनचा हिशेब या सगळ्यांपेक्षा वेगळ्या दारात, फौजेचा प्रयागराजला. म्हणजे एकाच माणसाचे कागद दोन-तीन गावांत असतात, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी धावपळ कमी होते.

ग्वाल्हेरकरांचा एक खास घोळ आहे. आपल्याकडे अनेकांचे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत नव्हतेच, शिंदे सरकारच्या फौजेत होते. ही संस्थानी फौज बाहेरही लढली, १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेत टांगा नावाच्या बंदराच्या लढाईत ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पलटणीचे लोक होते, आणि दुसऱ्या महायुद्धात ग्वाल्हेर लान्सर्स ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं, पुढे संस्थानी पलटणी भारतीय सेनेत घेतल्या, त्यातली ग्वाल्हेरची पलटण १४ कुमाऊं, म्हणजे कुमाऊं रेजिमेंटची चौदावी पलटण झाली (आणि इंदूरची १५ कुमाऊं), नंतर १४ कुमाऊं मेकेनाइज्ड इन्फंट्रीत, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळात गेली. आता बघा, त्या पलटणीतून १९६० मध्ये रिटायर झालेला माणूस रानीखेतला शोधायचा, आणि १९८५ मध्ये रिटायर झालेला अहिल्यानगरला, कारण मेकेनाइज्डचं सेंटर तिथे आहे. विलीनीकरणाच्या आधीच घरी आलेला माणूस दोन्हीकडे सापडणं कठीण, त्याच्यासाठी संस्थानचं दफ्तर बघावं लागतं, म्हणजे राज्याचं पुरातत्त्व, अभिलेखागार आणि संग्रहालय संचालनालय, आणि त्या दफ्तरातले जुने मराठी कागद बऱ्याचदा मोडीत असतात.

फाइलमध्ये काय असतं, आणि नावाचा प्रश्न

मुख्य कागद म्हणजे शीट रोल. त्यात भरतीची तारीख, गाव, तहसील, वडिलांचं नाव, उंची, अंगावरची खूण, बढत्या, शिक्षा, मेडलं, जखमा, वारस हे सगळं. सुट्टीवर असताना लग्न झालं, मूल झालं, की जवान युनिटला कळवायचा आणि त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने निघून शीट रोलमध्ये चढायची. कळवलं नाही तर सरकारी कागदावर तो मुलगा जन्मलाच नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त केसेस इथे अडकतात. आपल्यात लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती, तांदळात नवं नाव लिहायचे. माहेरची कृष्णा सासरी येऊन सुमती झाली, जवानाने सवयीने एक नाव कळवलं, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच, त्यात सुमतीबाई, सुमती देवी असे प्रकार वेगळे. नवरा जिवंत असेपर्यंत कुणी बघत नाही. तो गेला की ऐंशी वर्षांच्या बाईला आपणच त्याची बायको आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं, आणि हे बघून आम्हाला खरंच वाईट वाटतं कारण दोन ओळींची दुरुस्ती वेळेवर झाली असती तर काहीच नव्हतं. तेव्हा घरात कुणी रिटायर फौजी हयात असतील तर आजच त्यांचा पीपीओ काढा, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून बघा, फरक असेल तर त्यांच्याच सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही यात मदत मिळते.

सगळंच कायम ठेवत नाहीत

हे ऐकून लोक नाराज होतात पण सांगायलाच हवं. सेनेच्या नियमांत फाइल ठेवायची मुदत आहे. ज्यांना पेन्शन नव्हती, म्हणजे पाच-सहा वर्षं नोकरी करून लढाई संपल्यावर घरी आलेले, त्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात. पण लाँग रोल नावाचं मोठं रजिस्टर मागे राहतं, त्यात नंबराप्रमाणे एकेका माणसाची थोडक्यात नोंद असते. म्हणून रेकॉर्ड ऑफिसकडून ‘कागद नष्ट केले’ असं उत्तर आलं तर रडत बसू नका, दुसरा अर्ज करून लाँग रोलच्या नोंदीचा उतारा मागा. माहितीच्या अधिकारात अर्जाची फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

दिल्लीत जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागार आहे, १८९१ मध्ये कलकत्त्याला सुरू झालेलं, भोपाळलाही त्याचं ऑफिस आहे. तिथे ब्रिटिश काळच्या मिलिटरी डिपार्टमेंटच्या फाइली आहेत, पत्रव्यवहार, मोहिमा, नेमणुका असं. एकेका शिपायाची फाइल तिथे मागू नका. पलटण त्या महिन्यात कुठे होती, काय घडलं, हे मात्र वॉर डायरीतून, म्हणजे पलटणीच्या लढाईतल्या रोजच्या नोंदींतून कळतं. बऱ्याच गोष्टी ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या पोर्टलवर घरबसल्या दिसतात. लढाईत कामी आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी बघा, महायुद्धांतल्या भारतीय शिपायांची नावं त्यात आहेत आणि ती फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका, आम्हालाही नाही.

कागद टिकतो कसा, जातो कसा

अभिलेखागारात फाइली बिनआम्लाच्या पुठ्ठ्याच्या पेटीत, लोखंडी रॅकवर ठेवतात, भिंतीपासून लांब, कारण वाळवी भिंतीतून येते. साधारण २२ ते २५ डिग्री तापमान आणि हवेत ५० टक्क्यांच्या आसपास दमटपणा ठेवायचा प्रयत्न असतो. फाटलेल्या पानाला अगदी पातळ टिश्यू कागद लावतात, आणि जे काही करतात ते नंतर उलटवता आलं पाहिजे असा नियम पाळतात.

तरी अपघात होतात. अमेरिकेत सेंट लुईसला १२ जुलै १९७३ ला सैनिकांच्या रेकॉर्डची इमारत पेटली, १.६ ते १.८ कोटी फाइली गेल्या, त्यांची दुसरी प्रत नव्हती की मायक्रोफिल्म नव्हती. लंडनला १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त फाइली जळाल्या, उरलेल्यांना आजही ‘जळके कागद’ म्हणतात. अमेरिकेत पुढे काय केलं ते कामाचं आहे: पगाराची बिलं, हॉस्पिटलच्या नोंदी, पेन्शन खात्याचे कागद गोळा करून एकेका माणसाची फाइल परत जमवायला घेतली. आम्हीही इथे तेच करतो, मुख्य कागद नसेल तर बँकेचं पेन्शन खातं, कँटीन कार्ड, शाळेचा दाखला, युनिटचा ग्रुप फोटो, सगळं आणा, फोटोच्या मागे लिहिलेलंही चालतं.

आणि घरचा कागद लॅमिनेट करू नका हो. माझ्या आजोबांचं डिस्चार्ज बुक आम्ही कौतुकाने एका दुकानात नेऊन लॅमिनेट केलं, गरम रोलरखाली पानं चिकटली, पुढे प्लॅस्टिक पिवळं पडलं, आता त्यातला दुसरा शिक्का वाचता येत नाही आणि प्लॅस्टिक काढायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते. सेलोटेपही नको. कागद सपाट करून साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा, स्टीलच्या कपाटात मधल्या खणात ठेवा, उन्हाळ्यात कूलरच्या झोतात नको, पावसाळ्यात भिंतीला लागून नको, डांबरगोळी कागदाला चिकटून नको.

आमच्याकडे काय होतं

स्कॅन तुमच्यासमोर करतो, ओरिजिनल दुकानात एक रात्रही ठेवत नाही. मोडी कागद देवनागरीत उतरवून देतो. रेकॉर्ड ऑफिसचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून देतो पण सही वारसाचीच, आणि आत ओळख आहे, लवकर काढून देतो असं आम्ही कधीच म्हणणार नाही. येताना अर्जदाराचं आधार, सैनिकाशी नातं दाखवणारा कागद, मृत्यूचा दाखला आणि नंबर जिथे दिसेल तो कागद आणा. आजी येऊ शकत नसतील तर कळवा, लष्कर आणि मुरार या भागांत आम्ही स्कॅनर घेऊन घरी येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.